किड्यांची शिदोरी

आमच्या गेणभाऊसारखा शहाणा माणूस घोडेगावच्या आसपास दुसरा झाला नाही. स्वतःच्या बायकोच्या पोटावर पाय देणारं यंत्र त्याने स्वतःच्याच गाडीत घालून, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून, गावात आणलं.

सातवा एडवर्ड बादशहा मेला त्या सालची ही गोष्ट. शिमगा नुकताच झाला होता. पेठेतल्या केवलचंद शेठांनी मुंबईहून भाताची गिरण मागवली होती. एका तोंडाने भात घालायचं आणि दुसऱ्या तोंडाने तांदूळ काढायचा, खाली इंजिन घासलेटवर धडधडायचं. तळेगावच्या ठेसनावरून ते धूड गेणभाऊने ओढून आणलं. शेठांनी त्याला मलमलीचा फेटा बांधला. गावातल्या बाप्यांनी यंत्रापुढे नारळ फोडले, कुंकू लावलं आणि खोबरं खात इंजिनाच्या चाकाकडे आ वासून बघत बसले.

शेठांच्या मागच्या पडवीत त्या वेळी बाया भात कांडत होत्या. जोडीजोडीने, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. गेणभाऊची बायको लंकाबाई आणि तिची जोडीदारीण कोंडाबाई, दोघी ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या. धडधड ऐकून कोंडाबाईने विचारलं, "काय गं ते?"

"माझ्या दादल्यानं काय आणलंय कुणास ठावं. घटकाभरानं कळंल."

घटकाभराने कळलंच. शेठ पडवीत आले. शेठांचं बोलणं असं की कुणाला कामावरून काढलं तरी त्याला वाटावं आपल्याला आहेर मिळाला.

"बायांनो," ते म्हणाले, "तुमच्या हातांना फोड यायचे ते मला बघवत नव्हतं. आता सुटलात. देवाने तुमचे कष्ट वारले."

"आन कन्या-कोंडा?" लंकाबाईने विचारलं.

तिथेच सगळी मेख होती. आमच्याकडे कांडपाची मजुरी म्हणजे नावाला काहीबाही; खरी मजुरी उखळाच्या बुडाशी असायची. तांदूळ धन्याचा, आणि कण्या नि कोंडा कांडपिणीचा, हा रिवाज कुणी लिहिला नव्हता की कुणी मोडला नव्हता. त्या कण्यांची पेज आणि कोंड्याचे रोटले खाऊन वाडीतली पोरं पावसाळा काढायची.

"कोंडा आता यंत्र पाडणार," शेठ समजावून म्हणाले. "मग तो यंत्राचा."

यंत्राचा म्हणजे शेठांचा. तो पोत्यांनी गवळ्यांच्या म्हशींना जाऊ लागला. बायांना एकेक नारळ मिळाला, तोही यंत्रापुढचा उरलेला.

त्या रात्री लंकाबाईने नवऱ्याला जेवायला वाढलं आणि ताटासमोरच बसली.

"यंतर आनलंस त्ये बरं केलंस. आता त्येच रांधंल, त्येच तुझी पोरं पोशील."

"मला काय म्हाईत त्ये कशाला हाय," गेणभाऊ म्हणाला. "शेठ म्हनले गाडी जुंप, म्या जुंपली. आन फेटा बघितलास का, समद्या पेठंत असा फेटा न्हाई."

"फेटा शिजवू का उद्या?"

फेट्याला धूळ लागू नये म्हणून गेणभाऊ तो उशाशी घेऊन झोपला. अशा माणसाला काय म्हणायचं ते मी म्हणत नाही, वाडीतल्या बाया म्हणून चुकल्या आहेत.

आषाढात लावण्या सुरू झाल्या. कामावरून सुटलेल्या साऱ्या कांडपिणी चिखलात उतरल्या. इतके हात आयते आलेले बघून खाचरवाल्यांनाही शेठांची अक्कल सुचली. सोमाजी नावाचा एक बागायतदार बांधावर घोंगडी पांघरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दोन भाकरी परवडंना बाय. एकीवर येत असचील तर उतर, न्हाई तर मागं लई उभ्या हायत." बाया एकीवर उतरल्या. दिवसभर पाठीवर पाऊस, पायाखाली गुडघाभर लाल चिखल, आणि संध्याकाळी पदरात एक भाकरी. ती घरी नेईपर्यंत भिजून तिचा लगदा व्हायचा. लावणी संपली आणि तीही संपली. श्रावण लागला तेव्हा लंकाबाईच्या घरात टाकळ्याच्या भाजीशिवाय काही शिजत नव्हतं. धाकटी पोर रडायचीही बंद झाली, आणि तेच तिच्या आईला सोसेना.

त्याच श्रावणात शेठांच्या घरी मात्र वेगळंच उपोषण सुरू झालं.

शेठांची आई कस्तुरबाई. बोलायला कमी आणि धर्माला कडक. तिने एकदा गिरणीतून आलेले तांदूळ परातीत घेतले आणि त्यात तिला चिरडलेला किडा दिसला. मग दुसरा दिसला. तिने लेकाला हाक मारली.

"केवल, या यंत्रात भात घालायच्या आधी किडे कोण वेचतं?"

"वेचणार कोण, आई? पोतं उघडायचं आणि ओतायचं."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी बाया पाखडायच्या, वेचायच्या. म्हणून तर वेळ लागायचा."

"म्हणजे पावसाळ्यात, पर्युषण तोंडावर आलेलं असताना, तू रोज हजारो जीव चिरडतोस आणि तो तांदूळ मला वाढतोस." तिने परात बाजूला सारली. "तुझ्या गिरणीचा दाणा मी तोंडात घालणार नाही."

आणि तिने खरंच घातला नाही. पेठेतल्या दुसऱ्या जैन घरांनीही ते ऐकून शेठांचा तांदूळ बंद केला. जुन्नरचे व्यापारी अमृतलाल हे शेठांच्या होऊ घातलेल्या सुनेचे वडील. त्यांनीही निरोप पाठवला की जीवदयेची सोय झाल्याशिवाय आपण त्या घरचं जेवू शकणार नाही. तेव्हा शेठांची झोप उडाली. बाया उपाशी मरताना जो माणूस शांत घोरत होता, तो किड्यांसाठी रात्रभर तळमळला.

पण तळमळला तरी डोकं व्यापाऱ्याचंच. मुसळं परत आणायची तर कोंडा गेला. त्याने मधली वाट काढली. लंकाबाई आणि कोंडाबाईला बोलावून घेतलं.

"भात गिरणीत जायच्या आधी तुम्ही किडे वेचायचे. जिवंत. एकही मरता कामा नये."

"आन मजुरी?"

"कांडपापेक्षा कमीच. हे काय मुसळाचं काम आहे? बसल्या बसल्या करायचं."

"कन्या-कोंडा?"

"तो यंत्राचा, सांगितलं ना."

लंकाबाई उठलीच होती. तेवढ्यात कस्तुरबाई आतून बाहेर आली. तिला मजुरीशी कर्तव्य नव्हतं, तिला किड्यांची काळजी होती.

"वेचलेले किडे गाडग्यात ठेवायचे," ती म्हणाली. "त्यांना तसंच उपाशी सोडायचं नाही. ज्या दाण्यावर ते जगत होते त्यातलाच वाटा त्यांना द्यायचा. प्रत्येक गाडग्यात मूठभर तांदूळ घालायचा. आणि सावलीत सोडायचे."

"इथे परसात नाही हं," शेठ घाईने म्हणाले. "परत माझ्याच कोठारात शिरतील. लांब न्या. ओढ्यापलीकडे नेऊन सोडा."

ओढ्यापलीकडे लंकाबाईचं घर होतं. ती परत खाली बसली.

"येते म्या कामाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी सुपं घेऊन पडवीत बसल्या. दिवे लागायच्या आत आपापलं गाडगं उचलून ओढा ओलांडायच्या. गाडग्याच्या तोंडाला बांधायला पातळ फडकं हवं होतं, म्हणून लंकाबाईने गेणभाऊच्या फेट्याचं एक टोक फाडलं. तो ओरडला, तिने दुसरं टोकही फाडून कोंडाबाईला दिलं. उंबराच्या बुडाशी किडे सोडायचे, त्यांच्यापुढे चिमूटभर दाणे टाकायचे आणि उरलेला तांदूळ चुलीवर. यात खोटं असं कुणी काही केलं नाही. किडा काही मूठभर खात नाही, लंकाबाईची पोरं खातात, एवढाच काय तो फरक.

पुढे एका संध्याकाळी कस्तुरबाई गाडग्यात तांदूळ घालायला स्वतः आली. शेठ दुकानात होते. तिने लंकाबाईकडे निरखून बघितलं.

"पोरी, किडे खातात का गं हे दाणे?"

लंकाबाईचा हात सुपातच थांबला. खोटं बोलली तर निभलं असतं. खरं बोलली तर पदरातलं हेही जाणार होतं. पण श्रावणभर टाकळा खाऊन तिला आता कुणाची भीडही उरली नव्हती.

"जरासं खात्यात. बाकीचं माझी पोरं खात्यात, आई. किड्यांस्नी म्या उपाशी ठिवत न्हाई, उंबराखाली टाकती त्येंच्याम्होरं. पर तुमच्या घरात किड्याला वाटा हाय आन कांडपिणीला न्हाई, मंग म्या काय करावं? काढायचं असंल तर काढा कामावरनं."

कोंडाबाईने डोळे मिटून घेतले. हातातला तांदूळ कस्तुरबाईने गाडग्यात सोडला आणि आत निघून गेली.

दोघी रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी पडवीत आल्या तेव्हा शेठ आईसमोर उभे होते.

"ओंजळभर?" शेठ म्हणत होते. "आई, किडा तो केवढा, त्याला मूठ पुरत नाही?"

"नाही पुरत," कस्तुरबाई म्हणाली. "मी विचारलंय. ओंजळभर घालायचा, आणि कोंडाही घालायचा. मी जिवंत आहे तोवर या घरात हाच नेम."

शेठांनी मान तुकवली. पर्युषणात अमृतलाल जेवायला आले, तेव्हा शेठांनी भरल्या पंगतीत सांगितलं की आमच्या घरी किड्यालाही ओंजळभर आंबेमोहर मिळतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. असा दयाळू माणूस पाहिला नाही, असं जुन्नरपर्यंत झालं. पडवीत बसून आमच्या बाया हे सगळं ऐकत होत्या, आणि त्यांना मजुरी मात्र कुणी वाढवून दिली नाही.

त्या दिवशी गेणभाऊने पेजेची वाटी तोंडाला लावली आणि खूश होऊन विचारलं, "लई वास सुटलाय गं. आंबेमोहर दिसतोय. शेठांनी दिला व्हय तुला?"

"मला कशाला देत्यात?" लंकाबाई म्हणाली. "किड्यांच्या वाटणीचा हाय. गुमान खा."