बेबाबाईची वेसण

बेबाबाई घोरते हे जामनेरकडच्या त्या गावात सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बेबाबाईला. झोपेत माणूस काय करतो याचे साक्षीदार दुसरेच असतात, आणि दुसऱ्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. तिचा नवरा भटू आबा लग्नापासून कानाला मफलर गुंडाळून झोपायचा, भर वैशाखातसुद्धा. त्याला थंडी बाधते, असं ती विचारेल त्याला सांगायची.

खरी आग लागली ती धुळ्याला. लेक दिपमालाचं सासर तिथलं. दोन वर्षांमागे श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला बेबाबाई एक रात्र लेकीकडे मुक्कामाला राहिली. सकाळी भाऊबंदांच्या बायका चहाला बसल्या होत्या, तेव्हा विहीण कोकिळाबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की रात्री आमच्या घरात मळणीयंत्र आलं होतं, पण दाणे कुठे पडले ते काही सापडत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईबापानं नाव ठेवलं कोकिळा आणि देवानं चोच दिली कावळ्याची. बेबाबाईनं भरला कप खाली ठेवला, पिशवी उचलली आणि स्टँड गाठलं. त्यानंतर त्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही.

पण लेक ती लेक. दिपमालाचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. दुसऱ्याच्या वेळी डॉक्टरनं शेवटपर्यंत प्रवास नको म्हणून बजावलं, तेव्हा हे बाळंतपण धुळ्यालाच होणार हे ठरलं. एका दुपारी दिपमालाचा फोन आला. आत्याबाई करतील सगळं, ती सासूबद्दल म्हणाली, पण सव्वा महिना तू माझ्याजवळ पाहिजेस माय. बेबाबाई हो म्हणेना आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. जावं तर ती विहीण, पुन्हा ते मळणीयंत्र, आणि आता तर शेजारी नव्या जिवाची झोप. न जावं तर लेकीची खोली आईवाचून.

मुलगा नवीन हे सगळं ऐकत होता. त्यानं आईला मोटारसायकलवर घातलं आणि थेट जळगावला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. माझे दात शाबूत आहेत, ऊस सोलते मी दातांनी, असं ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत भांडत होती. डॉक्टरनं आधी घोरण्यामागे दुसरं दुखणं नाही ना म्हणून छाती तपासून आणायला लावली, मग तिच्या तोंडात पुरणासारखा मऊ लगदा भरला आणि चावा म्हणाला. बेबाबाईला उमासे आले. आठ दिवसांनी पारदर्शक प्लास्टिकच्या दोन फण्या तिच्या हातात पडल्या, वरच्या दातांना एक, खालच्यांना एक, मध्ये जोडलेल्या. रात्री घातल्या की खालचा जबडा पुढे राहतो, गळ्याची वाट मोकळी राहते आणि घोरणं थांबतं, असं डॉक्टर समजावत होता. बेबाबाईला त्यात एवढंच दिसलं की बैलाला नाकात घालतात आणि आपल्याला या वयात तोंडात घातली. तिनं त्या वस्तूचं नाव वेसण ठेवलं, आणि मग घरात सगळेच वेसण म्हणू लागले.

दवाखान्यातली एक कोवळी पोरगी ती कशी सांभाळायची ते सांगायला बसली. बेबाबाईचा अर्धा कान तिच्याकडे आणि अर्धा बाहेर नवीनवर, कारण तो मित्राला फोनवर हसत हसत आईची गोष्ट सांगत होता. पोरगी ब्रशाचं काही बोलली, डबीचं काही बोलली. बेबाबाईच्या कानात एवढंच पडलं, की आजी, हिला ऊन पाणी लावू नका. एवढं कळायला काय शाळा लागते? केळीच्या बागेत जन्म गेला तिचा. रोपाला ऊनपाणी लागतं, वाळवून डब्यात भरलेल्या ज्वारीच्या पापडांना, बिबड्यांना, लागत नाही. ही वस्तू बिबड्याच्या जातीची, झालं.

आणि तिनं वेसण सांभाळली ती बिबड्यासारखीच. सकाळी तोंडातून काढायची, पदरानं पुसायची, घट्ट झाकणाच्या डबीत घालायची, डबी कोठीघराच्या अंधारात. उन्हाची तिरीप नाही, पाण्याचा थेंब नाही. वास यायला लागला तेव्हा डबीत दोन लवंगा टाकल्या. वेसण पिवळी पडली, मग तिच्या मिसरीच्या रंगाची झाली. नवीननं एकदा विचारलं की धुतेस ना गं नीट. तुला ढुंगण धुवायला मीच शिकवलं, असं उत्तर मिळाल्यावर त्यानं तो विषय सोडला.

दिपमालाला मुलगी झाली. बेबाबाई डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि वेसण घेऊन धुळ्याला उतरली.

पहिले काही दिवस तिच्या मानानं सणाचे गेले. रात्री वेसण घालून ती बाळंतिणीच्या खोलीत झोपे, आणि खोलीत आवाज कसला तर पंख्याचा. सकाळी ती मुद्दाम विहिणीसमोर जाऊन बसे आणि झोप लागली का म्हणून विचारी. कोकिळाबाईला हो म्हणावं लागे. त्या एका हो साठी बेबाबाईनं वेसणीचा सगळा जाच माफ केला होता.

मग कोकिळाबाईच्या नाकात वास शिरला. कोकिळाबाई चारचौघांत पुस्तकी बोलायची, पण डोकं फिरलं की अहिराणीवर यायची. ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हाऊ कसाना वास शे?" तिला वाटलं उंदीर मेला. तिनं पलंग सरकवला, कपाट ओढलं, फरशी फिनेलनं पुसली. बाळंतिणीचे कपडे पुन्हा धुतले. वास जाईना. बेबाबाई मांडीवर नातीला तेल लावत तोंड मिटून बसली होती, कारण तिला तो वास ओळखीचा होता आणि ओळख दाखवायची नव्हती.

शेवटी कोकिळाबाईचा हात बेबाबाईच्या उशाखालच्या डबीवर गेला. तिनं झाकण उघडलं आणि डबीत साप असावा तशी मान मागे नेली.

"विहीणबाई, हे कधी धुता की नाही?"

डॉक्टरनं ऊन पाणी लावू नका म्हणून सांगितलंय, बेबाबाई ताठ मानेनं म्हणाली. कोकिळाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पाण्याला नाही म्हणणारा डॉक्टर मला दाखवा, मी त्याची आरती करते, असं म्हणून ती डबी घेऊन आत गेली. बेबाबाईच्या मांडीवर तेलानं निसरडं झालेलं लेकरू, तिला उठता येईना. ठेवा ती वस्तू, असं ती बसल्या जागेवरून ओरडत राहिली.

कोकिळाबाईच्या घरात बाळंतिणीच्या खोलीत जे जाईल ते उकळून जाई, वाटी असो की चमचा. ही तिच्या सासूची शिस्त, आणि तिनं ती सुनेसाठी दुप्पट पाळली होती. गॅसवर पातेलं खदखदत होतंच. तिनं वेसण त्यात सोडली आणि भाजी निवडायला बसली.

बाळाला दुपट्यात गुंडाळून बेबाबाई स्वयंपाकघरात पोचली तेव्हा उशीर झाला होता. कोकिळाबाईनं चिमट्यानं जे बाहेर काढलं ते तेलात टाकलेल्या बिबड्यासारखं वाकडं होऊन आक्रसलं होतं. स्वच्छ मात्र झालं होतं. बेबाबाईनं ते निवू दिलं, तोंडात घालून पाहिलं. वरची फणी वर बसेना, खालची खाली बसेना. वेसण थुंकून बाहेर काढून तिनं विहिणीसमोर ओट्यावर ठेवली.

पुढे जे झालं ते शेजारच्या भिंतीनंही ऐकलं असेल. घाणेरडी कोण आणि अडाणी कोण, एवढाच मुद्दा होता, पण दोघींनी त्यात कानबाईपासूनचं सगळं ओढून आणलं. बेबाबाईनं मळणीयंत्र काढलं. कोकिळाबाईनं चहाचा सोडलेला भरला कप काढला. दिपमालानं पोटावरच्या टाक्यांवर हात धरून खोलीतून दोनदा हाक मारली, कुणी ऐकली नाही. मग तिनं सरळ जळगावच्या दवाखान्यात फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन दारात धरला.

तीच कोवळी पोरगी बोलली. रोज सकाळी साध्या गार पाण्यानं धुवायची, मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासायची, पेस्ट लावायची नाही, ओरखडे पडतात. निथळून कोरडी झाली की भोकं असलेल्या डबीत ठेवायची, घट्ट डबीत कोंडली की वास मारते. आणि गरम पाणी अजिबात नको, वाकडी होते.

त्या फोननं दोघींनाही एकेक चापट मारली होती.

मग हे तेव्हाच सांगायचं होतं, बेबाबाई फोनवर गरजली. पोरगी घाबरत म्हणाली, "सांगितलं होतं आजी. ऊन पाणी लावू नका म्हटलं. आमच्या गावाकडे आजी गरम पाण्याला ऊन पाणीच म्हणते. तुम्हाला लवकर कळेल म्हणून तसं बोलले."

बेबाबाई म्हणाली की ऊन म्हणजे ऊन आणि पाणी म्हणजे पाणी, तुम्ही लोक दोन गोष्टी एकत्र करून सांगता आणि वर म्हाताऱ्यांना नावं ठेवता. दिपमालानं फोन बंद केला.

"माय, तू रोज अंघोळीला काय मागतेस?"

ती जन्मभर ऊन पाणीच मागत आली होती. आजही सकाळी मागितलं होतं, याच घरात, याच विहिणीकडे.

ती खोलीत गेली आणि पिशवी भरायला लागली. वेसण गेली म्हणजे रात्री मळणीयंत्र आलंच, बाळ दचकून उठणार, सकाळी चहावर बायका बसणार. त्यापेक्षा आपण होऊन निघालेलं बरं. दिपमालानं तिचा हात धरला. तू गेलीस तर मी रात्री कुणाला उठवू, ती म्हणाली, आत्याबाईंना हाक मारायला मला अजून लाज वाटते. एवढं बोलून ती रडायला लागली, आणि टाके दुखायला लागले म्हणून रडणं थांबवायला लागली. बेबाबाईचा हात पिशवीत होता तो तिथेच राहिला. घरी जायची तिची इच्छा नव्हतीच. पण थांबा असं कुणी म्हणाल्याशिवाय थांबायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं.

कोकिळाबाई दारात आली. तिचे हात अजून भाजीचे होते. तिनं पिशवीकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. कोकिळाबाईला शब्द सापडत नाही, हे पाहायला बेबाबाई पिशवी सोडून ताठ बसली.

"मी बिघाडं, मीच भोगसू," कोकिळाबाई म्हणाली. "तुमचं अंथरूण माझ्या खोलीत घालते. बाळ उठलं की मी तुम्हाला उठवीन. दोन खोल्यांमध्ये भिंत आहे, लेकराला काही ऐकू येणार नाही. मला काय यायचं ते येईल."

तिच्या नवऱ्याला, पुना भाऊंना, तिनं तिथल्या तिथे गच्चीवर हाकललं. ते उशी घेऊन इतक्या लगबगीनं गेले की बेबाबाईला तेही मनाला लागलं. घोरेन ती तुमच्या नावानं घोरेन विहीणबाई, ती म्हणाली, आणि लाडूंचा डबा पिशवीतून परत बाहेर काढला.

सकाळी बेबाबाई मोकळ्या अंगानं उठली. बाळ दोनदा उठलं होतं, कोकिळाबाईनं दोनदा तिच्या खांद्याला हलवलं होतं, ती दोनदा लेकीजवळ जाऊन आली होती. कोकिळाबाई ओट्याशी उभी होती. डोळे कुंकवासारखे लाल, पदर उलटा खोचलेला. शेजारच्या लताबाई दूध द्यायला आल्या होत्या आणि रात्र कशी गेली म्हणून विचारत होत्या. बेबाबाई दारामागे थांबली, कान टवकारून. ठरवलं होतं तिनं, आता जर ते यंत्र निघालं तर पिशवी उचलायची.

"चांगली गेली," कोकिळाबाई म्हणाली. "ईहीन शे ना मदतले."

लताबाई गेल्या. बेबाबाई पुढे झाली, तिनं न सांगता चहाचं पातेलं विहिणीच्या हातातून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं. कोकिळाबाई बसली, कारण उभं राहायचं त्राण नव्हतं. नवी वेसण बनायला किती दिवस लागतात, तिनं विचारलं. आठ, बेबाबाई म्हणाली, पण मापाला जळगावला जावं लागेल.

"मी येते बरोबर," कोकिळाबाई म्हणाली. "ती पोरगी काय सांगते ते कुणीतरी धड ऐकलं पाहिजे."

बेबाबाईनं चहा गाळला. पहिला कप विहिणीपुढे ठेवला, पण जीभ काही आवरली नाही. "या. मात्र तिथं बोलायचं मी. तुम्ही नुसतं ऐकायचं."

"रात्रभर तेच तर केलं," कोकिळाबाई म्हणाली, आणि कप उचलला.