हुश्मंदांचा कूलर

इराणमधल्या यझ्दमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी सारं गाव जेवून तळघरात उतरतं. फतहुल्लांच्या घरी मात्र यंदा ते एकटेच उतरत. त्यांची बायको मलीहा उशी काखोटीला मारून वरच्या, भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत जायची.

"खाली मला झोप लागत नाही," एवढंच म्हणायची.

इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. फतहुल्लांच्या मनाला ते लागलं, पण विचारायचा धीर होईना. माझाच कंटाळा आलाय म्हणाली तर?

एका दुपारी ते दचकून जागे झाले. कसली तरी प्रचंड घरघर! कान देईपर्यंत ती थांबलीही. तळघरात वारा आणणाऱ्या उंच मनोऱ्याला लागूनच, शेजारच्या गच्चीवर हुश्मंदांचा जुना कूलर होता. फतहुल्लांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बायकोला नवरा नकोसा झाला नव्हता, कूलर झाला होता!

पण तक्रार करायची म्हणजे संकटच. मनातल्या मनात वाक्यं घोकत, बकलाव्याच्या मिठाईचा डबा घेऊन ते शेजारी गेले.

"आगा हुश्मंद, तुमच्या सावलीत आमचे दिवस सुखात चाललेत."

"सावली तुमची, आगा. आम्ही तुमच्या पायाची धूळ."

दोन वेळा चहा झाला तरी धूळ आणि सावलीच चालू होती. शेवटी फतहुल्ला पुटपुटले, "तो तुमचा कूलर... आवाज तसा गोड आहे हो. फक्त दुपारी जरासा..."

हुश्मंदांच्या बायकोने डोक्यावरच्या चादरीचं टोक तोंडात कोंबलं आणि ती आत पळाली. हुश्मंदांचा चेहरा मात्र तसूभर हलला नाही.

"माझं तोंड काळं होवो! आमच्यामुळे तुमची झोप मोडली? आजच मिस्त्री बोलावतो."

मिस्त्री आला, गच्चीवर ठोकाठोक झाली. घरघर चालूच. पुढच्या आठवड्यात हुश्मंदांनी चक्क नवा कूलर बसवला. घरघर होतीच. आता पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं?

मग हुश्मंद मंडळी घराला कुलूप लावून मशहदच्या यात्रेला गेली. फतहुल्ला लहान मुलासारखे हरखले.

"मलीहा, आज खाली चल. शेजारी कुणी नाही. कूलर बंद!"

तिने त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण आली.

ते जागे झाले ते त्याच घरघरीने. मलीहा शेजारी टक्क जागी बसून त्यांचा खांदा हलवत होती.

"अगं, हुश्मंद तर मशहदला आहेत!"

"हो."

"मग हा आवाज?"

मलीहाने त्यांच्याच नाकाकडे बोट दाखवलं. फतहुल्लांना आधी घाम फुटला, मग ते कानापर्यंत लाल झाले.

"आणि त्या भल्या माणसाने नवा कूलर घेतला?"

"तुम्हाला खरं सांगण्यापेक्षा त्यांनी गच्चीही नवी बांधली असती." मलीहाला हसू आवरेना. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, अहो. पाववाला म्हणतो, आगा घोरायला लागले की मी दुपारचं दुकान बंद करतो."

"म्हणून तू वर जातेस. आवाजाने."

तिचं हसू मावळलं. "या आवाजात तर माझी सगळी पोरं वाढली. आवाजाचं काय घेऊन बसलात! हल्ली तो मधेच तुटतो. तुम्ही श्वासच घेत नाही. मी इथे पडून वाट बघते, आता येईल, आता येईल... ते सोसवत नाही म्हणून वर जाते. वर तरी कुठे झोपते? जिन्यात बसून ऐकत असते."

दुसऱ्या दिवशी फतहुल्ला आपणहून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी अंगाला वायरी लावून झोपवलं, घशात श्वास अडकतोय म्हणून सांगितलं, रात्रीचा बकलावा बंद केला आणि नाकावर बांधायचा मुखवटा अन् हवेचं छोटं यंत्र दिलं.

"अगदी वैमानिक दिसता," मलीहा पट्टा आवळत म्हणाली. "उडून जाऊ नका म्हणजे झालं."

त्या दुपारी फतहुल्लांना जाग आली ती आपोआप. डोकं कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाजूला मलीहा झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, एक हात त्यांच्या छातीवर विसरलेला. किती महिन्यांची झोप होती ती, कोण जाणे.

तेवढ्यात दारावर थाप पडली. फतहुल्ला तो हात हळूच उचलून, मुखवटा काढून अनवाणी जिना चढले. दारात मशहदहून परतलेले हुश्मंद, हातात केशराची पुडी.

"सलाम आगा! तुमच्या दर्शनाला..."

फतहुल्लांच्या ओठांवर नेहमीची वाक्यं आली होती. या, घर तुमचंच आहे. पाहुण्याला दारातून परत पाठवणं म्हणजे यझ्दमध्ये कानफटात मारण्यासारखंच. पण खाली ती झोपली होती.

"आगा हुश्मंद," ते कुजबुजले, "आत्ता येऊ नका. मलीहा झोपलीय. जा."

हुश्मंद एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी कान टवकारले. घरात कुठेच काही वाजत नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला. केशराची पुडी उंबऱ्यावर ठेवून, चपला हातात घेऊन, ते चवड्यांवर आपल्या घराकडे निघाले.