अमावास्येचं गणित

स्वानंदीने चौथा स्क्रू सोडवून दत्तोपंतांच्या तळहातावर ठेवला आणि संगणकाचं पत्र्याचं झाकण मागे ओढलं. आत नऊ वर्षांची धूळ होती. दत्तोपंतांनी स्क्रू कागदावर मांडला, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘मागील बाजू, वरचा डावा.’

“अण्णा, चारही सारखेच आहेत,” ती म्हणाली.

“असतील. तरी ज्याची जागा त्याला मिळालेली बरी.”

सासऱ्यांकडून एवढं लांब वाक्य तिने क्वचितच ऐकलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. देवासहून धारला आली की दत्तोपंत विचारायचे, “बस वेळेवर होती?” आणि निघताना म्हणायचे, “पोचल्यावर फोन करा.” मधल्या वेळात ते आपल्या खोलीत असायचे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या आजोबांनी संस्थानचं दफ्तर सांभाळलेलं, आणि घरातली मराठी अजून त्याच दफ्तरातली. स्वानंदीचे वडील विठोबा सांगलीकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले होते. ती हिंदी शाळेत शिकली, डिप्लोमा केला आणि आता एका कारखान्यात यंत्रांचे कंट्रोल पॅनल दुरुस्त करायची. सासऱ्यांशी बोलताना तिच्या तोंडून मधेच माळव्याच्या हिंदीतलं ‘अरे भिया’ निघून जायचं आणि मग ती जीभ चावायची.

२००३च्या मे महिन्यात दत्तोपंतांचा संगणक बंद पडला. जळका वास आला आणि पडदा काळा झाला. गावातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, “दादाजी, मदरबोर्ड गया. फेंक दो, नया ले लो.” दत्तोपंतांनी यंत्र रिक्षात घालून परत घरी आणलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं सासूबाईंनी, माईंनी, फोनवर मुलाला सांगितलं. मयुरेशने फोन बायकोच्या, स्वानंदीच्या हातात दिला.

“डिस्क जळलेली नाही ना, माई?” तिने विचारलं होतं. “मग अजून काही गेलेलं नाही. त्यांना सांगा, मी रविवारी येते.”

त्या डिस्कवर दत्तोपंतांचं पंचांग होतं. पंचांग म्हणजे पंचांग करणारा प्रोग्रॅम. निवृत्तीनंतर पुस्तकावरून बेसिक ही संगणकाची भाषा शिकून त्यांनी तो एकट्याने लिहिला होता, तीन हजार ओळींचा. चंद्र कुठे, सूर्य कुठे, तिथी कधी लागते, कधी संपते, सगळं धारच्या अक्षांश-रेखांशावर. जपून ठेवलेल्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. वह्यांमध्ये मूळ सूत्रं होती, पण नऊ वर्षांत एकेक करून घातलेल्या दुरुस्त्या त्या डिस्कवरच होत्या, आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

स्वानंदीने डिस्क बाहेर काढली. हाताच्या पंजाएवढी, वजनाला जड. दत्तोपंत त्या डिस्ककडे पाहत राहिले.

“एवढीशी,” ते म्हणाले.

“धराल का जरा? दोन्ही हातांनी. पडायला नको.”

त्यांनी ती दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली आणि नवा बोर्ड बसवून होईपर्यंत हलले नाहीत. माई चहा घेऊन आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि कप तिथेच मेजावर ठेवून गेल्या.

देवासहून आणलेल्या नव्या डब्यात स्वानंदीने डिस्क बसवली, पट्टीसारखी रुंद केबल लाल कड बघून जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर डिस्कचं नाव आलं, कंपनी आली, आकार आला. मग खाली एकच ओळ उमटली. ऑपरेटिंग सिस्टम सापडत नाही.

तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

“गेलं?” दत्तोपंतांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. फक्त त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती.

“नाही. डिस्क दिसतेय त्याला. वाचता येत नाहीये.” ती शब्द शोधत राहिली. “कसं सांगू... डिस्कवर कप्पे असतात. जुना बोर्ड ते एका हिसाबाने मोजायचा, नवा वेगळ्या हिसाबाने मोजतोय. त्यामुळे तो चुकीच्या कप्प्यात बघतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही. जुन्याची रीत मला कळली असती तर तीच नव्याला सांगितली असती. पण ती जुन्या बोर्डातच होती.”

दत्तोपंत कपाटाकडे गेले. खाकी कव्हराच्या वह्यांच्या चळतीतून त्यांनी एक ओढली आणि पानं उलटली.

“यंत्र लावायला जो माणूस आला होता, त्याने आधी एक निळा पडदा उघडला होता. त्यातलं मला काही कळलं नाही. म्हणून सगळं उतरवून घेतलं.”

स्वानंदी वहीवर वाकली. नोव्हेंबर १९९४. अक्षर बारीक आणि शिरोरेघ सलग. तिला ते भराभर वाचता येईना. एका ओळीवर बोट ठेवून ती अडखळली. दत्तोपंतांनी वही हलकेच आपल्याकडे घेतली.

“मी वाचतो. तू कर.”

तिने नव्या यंत्राचा निळा पडदा उघडला. ते एकेक ओळ वाचत गेले आणि ती बाणाच्या कळीने खाली उतरत गेली. चौथ्या ओळीवर ते म्हणाले, “डिस्क मोजण्याची रीत. इथे लिहिलंय, लार्ज.”

“हेच,” ती म्हणाली. “अण्णा, हेच हवं होतं.”

या खेपेला पडदा काळा झाला आणि वर डाव्या कोपऱ्यात पांढरी खूण लुकलुकायला लागली. स्वानंदी खुर्चीवरून उठली. दत्तोपंत बसले. त्यांनी प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं आणि त्यांची सूची उघडली, मे महिन्यात सोडली होती तशीच.

त्यांनी २००४ हे वर्ष घातलं, कळ दाबली आणि सवयीने उठले. “आता जेवणं होतील, वामकुक्षी होईल. पाचच्या सुमारास बघू.”

“अण्णा, थांबा.”

ते दारापर्यंत गेले होते. वळले. पडद्यावर आकडे वर सरकत होते, वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने. चैत्र गेला, वैशाख गेला. दत्तोपंत दारातून खुर्चीपर्यंत येतात तेवढ्यात फाल्गुन संपला आणि यंत्र गप्प झालं.

“बिघडलंय,” दत्तोपंत म्हणाले.

“तपासून बघा.”

त्यांनी १९९८ साल घातलं आणि त्या सालच्या तिथी उतरवलेली वही घेतली. तासभर ते बोटाने ओळ धरून पडताळत होते. स्वानंदी शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. एकही तिथी मिनिटाने इकडची तिकडे झाली नव्हती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“मी लिहिलेलं काहीच बदललं नाही?”

“काहीच नाही. डिस्क तीच आहे. बोर्ड तेवढा नवा.”

“नऊ वर्षं मला वाटत होतं,” ते सावकाश म्हणाले, “की गणितच अवघड आहे, म्हणून वेळ लागतो.”

स्वानंदीने स्टूल पुढे ओढलं. तिने विचारलं, “तुम्ही कधी लांबचं वर्ष बघितलं नाहीत? दहा वर्षांनंतरचं वगैरे?”

“एका वर्षाला अख्खा दिवस जायचा. ग्रहणाचा भाग तर वेगळाच. एकेका अमावास्येला अर्धा तास. ग्रहण आहे हे ठाऊक असलं तरच ते करायचो.” त्यांनी चष्मा पुसला. “पंच्याण्णव सालचं केलं होतं. दिवाळीतलं. राजस्थानातलं गाव शोधून ठेवलं होतं, गाडीचं आरक्षणसुद्धा झालं होतं. मग हिचं ऑपरेशन निघालं. ग्रहणाच्या वेळी मी इंदूरला इस्पितळाच्या बाकावर होतो.”

“मी काही मुद्दाम आजारी पडले नव्हते,” आतून माईंचा आवाज आला.

“नव्याण्णवला आभाळ भरून आलं,” दत्तोपंत म्हणाले. “खग्रास बघायचं राहिलंच.”

“मग आता विचारा ना त्याला. पुढच्या सगळ्या अमावास्या.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पुढच्या सगळ्या असं काही विचारता येतं, हे त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या, एक आकडा बदलला आणि धारच्या आकाशात सूर्य किती झाकला जातो ते अमावास्येमागून अमावास्या मागवलं.

शून्य. शून्य. शून्य. २००५ मध्ये एकदा दशांशात काही तरी किरकोळ. २००६ मध्ये जरा जास्त. पुन्हा शून्यांची रांग. २००८च्या ऑगस्टात निम्म्याच्या आसपास. मग २००९, बावीस जुलै. आकडा एकाच्या पुढे गेला होता, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणार होता.

दत्तोपंतांनी कळ दाबून यंत्र थांबवलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. त्यांनी ती ओळ पुन्हा चालवली. तोच आकडा. मग धारचे अक्षांश-रेखांश पुसून त्यांनी देवासचे घातले. ते त्यांना पाठ होते, वही उघडावी लागली नाही. तिथेही आकडा एकाच्या पुढे.

स्वानंदी पडद्याजवळ वाकली. “म्हणजे चंद्राची सावली या घरावरून जाणार?”

“या घरावरून. आणि तुझ्याही. सकाळी सहा बावीसला. तीन मिनिटं.” ते पडद्याकडे बघतच बोलत होते. “मी तिकिटं काढत होतो. ती आपणहून येते आहे.”

माई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “सहा वर्षं आहेत त्याला,” त्या म्हणाल्या. “पानं वाढलीयेत.”

दुपारी बसला निघताना दत्तोपंतांनी स्वानंदीला थांबवलं आणि विचारलं, बेसिक तिला कुठवर येतं.

बावीस जुलै २००९ ला पहाटे धारला, देवासला, सबंध माळव्यावर ढगांची जाड गोधडी होती. स्वानंदी आणि मयुरेश आदल्या संध्याकाळीच आले होते. आषाढातली दिव्याची अवस होती, म्हणून माईंनी समया आणि निरांजनं घासून पाटावर मांडून ठेवली होती. गच्चीवर खुर्ची नेऊन दत्तोपंतांना बसवलं. त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती, जिने चढताना आता दोनदा थांबावं लागे. रेडिओवरच्या सहाच्या टोल्यांना त्यांनी घड्याळ लावलं आणि ते मांडीवर ठेवलं.

शेजारच्या गच्च्यांवर काळे चष्मे घेऊन जमलेली मंडळी आभाळाकडे बघून कंटाळली. काही जण खाली गेले.

“दिसणार नाही, बाबा,” मयुरेश म्हणाला.

दत्तोपंतांनी मान हलवली, पण नजर पश्चिमेकडून काढली नाही.

सहा बावीस झाले. काही झालं नाही. मग पश्चिमेकडचे ढग शाईत भिजल्यासारखे झाले आणि अंधार चालत आला. छपरांवरून, झाडांवरून, कोणी न ढकलता, आवाज न करता. कावळे ओरडत कडुनिंबात परतले आणि एकाएकी गप्प झाले. वारा गार झाला. गल्लीतून कोणी तरी “हे राम” म्हणालं आणि त्याचाही आवाज विरला. स्वानंदीला शेजारी उभ्या मयुरेशचा चेहरा दिसेना. तिच्या मनगटाभोवती एक हात आला, थंड आणि हाडकुळा. दत्तोपंत खुर्चीतून उठून उभे राहिले होते. खाली अंगणात माईंनी एक समई लावली, तिचा उजेड भिंतीवर वर आला.

तीन मिनिटं गेली.

मग पश्चिमेचीच कड फटफटली आणि सकाळ दुसऱ्यांदा झाली. मयुरेशने डोळे पुसले. दत्तोपंतांनी स्वानंदीचं मनगट सोडलं आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

“पाऊण मिनिट उशीर,” ते म्हणाले.

“ढग होते, अण्णा. अंधार नक्की कधी लागला ते एवढं नेमकं कसं कळणार?”

“ढगांचा काय संबंध? सावली तिच्या वेळेवर आली. चूक माझी आहे. चंद्राच्या सूत्रातल्या एखाद्या पदात राहिली असेल.”

“पुढचं इथे कधी?” मयुरेशने विचारलं.

“आपल्यापैकी कोणाच्या हयातीत नाही,” दत्तोपंत म्हणाले आणि भिंतीला धरून जिना उतरायला लागले. दुसऱ्या पायरीवर ते थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले.

स्वानंदी त्यांच्या बाजूने अलगद पुढे झाली. ते खोलीत पोचले तेव्हा यंत्र चालू झालं होतं, तीन हजार ओळींतली पहिली ओळ पडद्यावर होती, आणि मेजापुढे दोन खुर्च्या ओढून ठेवल्या होत्या.