वरचा मजला फक्त बायकांचा

सकाळचे अकरा वाजले की प्रकाशचंदशेठच्या दुकानाचं छत दणाणायला लागायचं. आधी एक धप्प, मग थोडी शांतता, मग एकामागून एक धप्प धप्प. साडी बघायला आलेली बाई पदर हातात धरून वर बघायची आणि शेठ गादीवर बसल्या बसल्या कपाळाला आठ्या घालायचे. पाठोपाठ वरून हसण्याचा आवाज यायचा. धप्प आवाज शेठनी एकवेळ सोसला असता, पण ते हसणं त्यांच्या डोक्यात जायचं. दहा-पंधरा बायका एकत्र हसतात म्हणजे कुणावर तरी हसत असणार. मुलगा अखिल बहुतेक वेळ सुरतेला खरेदीवर, तेव्हा खाली बसलेला पुरुष म्हटला तर ते एकटेच.

धुळ्यात आग्रा रोडवर साड्यांचं दुकान, इमारत स्वतःची. वरचा मजला गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी सारिका पाटील नावाच्या बाईला भाड्यानं दिला होता. सारिका पारोळ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी, तिशीतली, एकटीनं हिंडणारी आणि मोजकं बोलणारी. तिनं वर बायकांची जिम काढली. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली: ‘फक्त महिलांसाठी. पुरुषांना प्रवेश नाही.’

आता शेठच्या स्वभावाचं सांगायला हवं. संशय हा त्यांच्या धंद्यातला जुना भागीदार होता. गिऱ्हाईकानं साडी तीनदा उलटून पाहिली की ही घेणार नाही, आणि न पाहताच घेतली की ही उद्या परत आणणार, असं ते बसल्या जागी ओळखायचे. दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचं. राहिलेल्या दोन वेळांबद्दल ते कधी कुणाशी बोलत नसत.

अशा माणसाच्या डोक्यावर कुणी खिडक्यांना दुधी कागद चिकटवून बसलं, तर त्याला झोप कशी लागावी? वर जाणाऱ्या प्रत्येक बाईचा मोबाईल दाराशीच डब्यात ठेवून घेतात, हे त्यांना कळलं होतं. मोठमोठे प्लास्टिकचे डबे वर जाताना त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यात कसली पावडर असते, तिच्यात अंड्याचा अंश असतो की काय, हे देवच जाणे. जैनाच्या इमारतीत अंडं! शिवाय वर जाताना खाली मान घालून जाणाऱ्या बायका उतरताना मान वर करून उतरायच्या. एकीनं तर एकदा त्यांच्याकडे सरळ बघून ‘रामराम शेठजी’ म्हटलं. चांगलंच काम असेल तर दार लावून कशाला करायचं, हा शेठचा सवाल होता, आणि तो त्यांनी शेजारच्या भांडेवाल्यापासून जैन स्थानकातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांना विचारून झाला होता.

त्यातच दिवाळीनंतर त्यांची सून चेलना वर जायला लागली.

सुनेला विचारायची सोय नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा आणि बोलायचं ते सासूमार्फत, ही घरातली रीत. अखिलनं ती मोडायचा प्रयत्न केला होता, पण शेठनी मोडू दिली नव्हती. आता त्या रीतीनंच त्यांची पंचाईत केली. शेवटी त्यांनी बायकोला बोलावलं. घरात बोलणं मारवाडीत चालायचं, आपण ते मराठीत सांगू.

“तू वर जा. नुसतं बसायचं आणि बघायचं. काय चालतं, कोण येतं, डब्यात काय आहे. मला येऊन सांग.”

प्रेमकुंवरबाई त्रेसष्टच्या. माहेर चोपड्याचं. गुडघे इतके गेलेले की चार वर्षं झाली, सामायिकालासुद्धा त्या खुर्चीवर बसायच्या. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी स्थिर बसून करायची उपासना. ती जमिनीवर आसन घालून करण्यात त्यांचा जन्म गेलेला, म्हणून खुर्चीचं त्यांना फार लागायचं. पण त्या कधी बोलून दाखवत नसत. वर जायलाही त्यांनी काही खळखळ केली नाही.

“डब्यात काय आहे ते कळलं?” तीन दिवसांनी शेठनी विचारलं.

“दुधाची पावडर आहे. हिरवा ठिपका आहे डब्यावर.”

“आणि बाकीचं?”

“अजून नीट समजलं नाही. आणखी आठ दिवस जावं लागेल.”

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला आणि महिन्याचे तीन महिने. दर वेळी उत्तर तेच, अजून नीट समजलं नाही. शेठच्या मनात आता दुसराच किडा वळवळायला लागला. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला इतका वेळ कशालाच लागला नव्हता. ती काहीतरी लपवतेय. आता त्यांच्यामागं वरच्या मजल्याबरोबर घरचाही संशय लागला, आणि माणूस दोन्हीकडून पोखरला गेला.

याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांची साखर बघून रोज पाऊण तास चालायला सांगितलं. बाहेर रस्ता गटारीसाठी खणलेला आणि ऊन चव्वेचाळीसवर. त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच डोक्यावर, पंख्याखाली चालायचं मशीन होतं आणि त्यावर त्यांना पाय ठेवता येणार नव्हता. व्हॉट्सॲपच्या व्यापारी ग्रुपवर कुणीतरी नेमका मेसेज टाकला: पुरुषांची वेगळी जिम काढली तर तो भेदभाव, बायकांची काढली तर ती सोय, हा कुठला न्याय? शेठनी तो चारदा वाचला आणि पाचव्यांदा वाचत वाचत जिना चढले.

त्यांनी बेल वाजवली. सारिकानं दार वीतभर उघडलं, स्वतः बाहेर आली आणि दार मागं ओढून घेतलं.

“शेठजी, फोन केला असता तर मी खाली आले असते.”

“माझ्या इमारतीत मी फोन करून यायचं?”

“आत बाया आहेत.”

“तेच विचारतोय. बायाच का? मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बाकीच्यांसारखी फी भरतो. निव्वळ पुरुष आहे म्हणून नको म्हणता, हा भेदभाव नाही का? उद्या मी फक्त पुरुषांची जिम काढून पाटी लावली तर तुम्हीच मोर्चा आणाल.”

खरं सांगायचं तर मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. सारिकालाही तसं वाटलं असावं.

“गावोगावच्या तालमींत बाई जात नाही शेठजी,” ती म्हणाली. “तिथं तर पाटीसुद्धा लावावी लागत नाही. कोणी मोर्चा आणला? पण तुमचं तसं चूक नाही. थांबा.”

ती आत गेली आणि कराराची फाइल घेऊन आली. अकरा महिन्यांचा करार, छापील कागद. सहाव्या कलमाच्या शेजारी मोकळ्या जागेत पेनानं एक ओळ वाढवलेली होती: ‘सदर जागेत फक्त महिलांना प्रवेश राहील. कोणत्याही कारणाने पुरुष आत घेतल्यास करार रद्द.’ खाली प्रकाशचंदशेठची सही, आणि अक्षरही त्यांचंच.

“मी सकाळी पुरुष आणि दुपारी बाया, अशी जिम काढणार होते,” सारिका म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, जिन्यावर पोरं टोळक्यानं बसतील, दुकानातल्या बायकांना त्रास होईल. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.”

शेठना आठवलं. ओळ लिहिताना ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले होते, म्हणजे पळवाट राहायला नको. त्या कोणत्याही कारणात आपण स्वतः येऊ, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“तुम्ही म्हनतस ते खोटं नही शे शेठजी,” सारिका मनापासून बोलायला लागली की अहिराणीवर यायची. “पन आठे बठ्ठ्या बाया या कागदनाच भरोसावर येतस.” इथल्या सगळ्या बाया या कागदाच्याच भरवशावर येतात, असं म्हणून ती पुन्हा सावरून बोलू लागली. पारोळ्यात ती आधी जिथं शिकवायची तिथं पुरुष-बायका एकत्र होते. कुणीतरी एका बाईचा वाकलेली असताना मागून फोटो काढला. आठ दिवसांत तिथली शेवटची बाई यायची बंद झाली. फोटो काढणारा अजून जातो.

शेठ खाली आले. शरम वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण गादीवर टेकेपर्यंत नवीन शंका तयार होती: हिला फाइल इतकी हाताशी कशी सापडली? मी येणार हे हिला कुणी सांगितलं? आणि दुसरा विचार आला, करार पुढच्या सोमवारी संपतोय. कलम आपलं आहे, आपण खोडू शकतो.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपली. शेठ हात पुसत आतल्या खोलीवरून जाताना थबकले. प्रेमकुंवरबाईंची खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. बाई जमिनीवर आसनावर मांडी घालून बसल्या होत्या, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, डोळे मिटलेले. शेठ दाराशी उभे राहिले. अठ्ठेचाळीस मिनिटं पुरी झाल्यावर बाई कशालाही हात न लावता उठल्या.

“हे कधीपासून?”

“महिना झाला असेल.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही रोज याच दारावरून जाता,” बाई म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. म्हणून ते जास्त झोंबलं.

मग सगळं बाहेर आलं. पहिले तीन दिवस त्या खरोखर बघायला बसल्या होत्या. चौथ्या दिवशी सारिकानं म्हटलं, मावशी, आल्याच आहात तर एकदा खुर्चीवरून उठून दाखवा. तेव्हापासून रोज. चेलनाचा सलवार-कुर्ता घालतात. चेलना त्यांचा हात धरते.

“तू सलवार-कुर्ता घालतेस?”

“तिथं कोण बघायला येतंय?”

इतके महिने जे विचारायचं होतं तेच शेठच्या तोंडातून बाहेर पडलं. “आणि हसता कशाला तुम्ही सगळ्या? माझ्यावर?”

बाईंनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. “मी पहिल्यांदा आपटले तेव्हाही हसलो. रोज कुणी ना कुणी आपटतं. तुमचा तर विषयच निघत नाही.”

त्या रात्री शेठना फार वाईट वाटलं. आपल्यावर हसत नाहीत यानं त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण आपला विषयच निघत नाही हे त्यांना सहन होईना.

सोमवारी सकाळी सारिका नवा करार घेऊन दुकानात आली. प्रेमकुंवरबाई आणि चेलनाही आल्या होत्या. चेलना डोक्यावरून पदर घेऊन सासूच्या मागं उभी. सारिकानं कागद गादीवर ठेवले.

“मी विचार केला शेठजी. दुपारी दोन ते चार वर कुणी नसतं. तेवढा वेळ पुरुषांना देता येईल. तुम्हीही चालाल, बाकीचेही येतील. पण पुरुषांचं पाऊल आत पडलं एवढं कळलं तरी काही घरं बायकांना पाठवायचं बंद करतील. किती, ते मला सांगता येणार नाही. जिम चालेल की नाही तेही सांगता येणार नाही. कलम तुमचं आहे, तुम्ही लिहाल ते मान्य.”

शेठनी आधी तिच्याकडे पाहिलं. इतक्या सहज कबूल झाली, यात काय डाव आहे? मग बायकोकडे, मग सुनेच्या पदराकडे. तिघींनी मिळून ठरवलंय का काही? पण सारिकाच्या हाताची बोटं ओढणीच्या टोकाला सारखी पीळ घालत होती, आणि डाव असलेला माणूस असा घाबरत नाही, हे गादीवर चाळीस वर्षं बसलेल्याला कळत होतं. बाई खरंच घाबरली होती. तिचं सगळं त्या एका ओळीत होतं.

आणि मुद्दा तर त्यांनी जिंकला होता. पुरुषांना दोन तास, म्हणजे अगदी रास्त मागणी. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कोपऱ्यातली ती खुर्ची त्यांच्या डोळ्यासमोर आली, तिच्यावरचे कपडे आले. महिनाभर त्या दारावरून आपण गेलो आणि पाहिलं नाही, हे आठवलं. पेन तसंच हातात राहिलं.

“तुला काय वाटतं?” त्यांनी प्रेमकुंवरबाईंना विचारलं.

बेचाळीस वर्षांत त्यांनी घरचं काय, दुकानचं काय, हा प्रश्न बायकोला कधी विचारलेला नव्हता. अखिलसाठी मुलगी पसंत केल्यावरसुद्धा नाही. या वेळी मात्र त्यांना खरोखर ऐकायचं होतं. ती म्हणेल तसं लिहायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

प्रेमकुंवरबाई गादीजवळ आल्या.

“लिहायच्या आधी विचारताय,” त्या म्हणाल्या, “की काय लिहायचं ते ठरवून विचारताय?”

“आधी.”

“मग आजच का?”

याला शेठकडे उत्तर होतं, पण चारचौघांत ते तोंडातून निघेना. बाईंनी हात पुढं केला आणि कागद मागितले. चष्माही मागितला. शेठनी आपला काढून दिला. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली, ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता. मधे एकदा मान वर करून नवऱ्याचा चेहरा निरखला, पुन्हा वाचायला लागल्या. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी प्रत्येक पान उलटं केलं आणि मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का तेही पाहून घेतलं.

मागं काही लिहिलेलं नव्हतं. तसं आपण सांगावं, असं शेठच्या मनात आलं. पण सांगून तिला ते खरं वाटलं नसतं, म्हणून ते गप्प बसून राहिले.