छपरावरची क्रेन

सोमवारी सकाळी खिंडीतून वारा सुटला, आणि गल्लीतल्या झाडांना नुकताच आलेला फुलोरा दुपारपर्यंत गटारांच्या जाळ्यांवर जाऊन बसला. डोंगरावरचं बर्फ वितळू लागलं की दरवर्षी असा एक आठवडा येतो. वारा कोरडा असतो, कोमट असतो आणि दम खात नाही. दारं आपटतात, माणसं एकमेकांवर खेकसतात, आणि काचेच्या दुकानात रांग लागते.

त्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नव्हती. तुटलेल्या तावदानांची मापं घ्यायची, आत मालकाकडे द्यायची, आणि "आजच पाहिजे" म्हणणाऱ्यांना उद्याचा वायदा करायचा. तरी तिचं अर्धं लक्ष घरीच असायचं. तिचा नवरा क्रेन चालवायचा, आणि ती क्रेन त्यांच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे उभी होती.

हिवाळा संपताना तिथे इमारतीचं काम निघालं तेव्हा दोघांनाही बरंच वाटलं होतं. इतकी वर्षं त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. आता चहाचा कप विसळून रस्ता ओलांडला की कामावर. साइटवर सगळे त्याला पाखरू म्हणत, कारण सकाळी क्रेनच्या मनोऱ्याच्या आतल्या शिडीने वर गेला की तो जेवायलाच खाली उतरायचा. "पाखराला घरट्यासमोरच फांदी मिळाली," मुकादम म्हणायचा. "आता वहिनी खिडकीतून हाक मारून दूध आणायला पाठवतील."

सासूबाईंना मात्र ती क्रेन पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्या हिवाळ्यातच या घरी राहायला आल्या होत्या आणि त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी होती.

"एवढं लोखंड. त्याला खाली धरलंय कशाने?" त्यांनी मुलाला विचारलं होतं.

"काँक्रीटच्या ठोकळ्याने, आई."

"आणि ठोकळ्याला?"

"त्याला त्याच्या वजनाने."

"म्हणजे कुणीच धरलेलं नाही," त्या म्हणाल्या होत्या.

वारा सुटल्यावर हे रोजचंच झालं. वाऱ्याचा जोर ठरावीक आकड्यापुढे गेला की क्रेनवरचा भोंगा वाजतो, काम थांबतं आणि चालक खाली येतो. उतरण्याआधी तो एक गोष्ट करतो, जी या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: क्रेनच्या लांब आडव्या हाताचा ब्रेक उघडा ठेवायचा. हात मोकळा असला की तो वाऱ्याबरोबर वळतो, वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो, आणि वाऱ्याच्या तावडीत फारसं काही सापडत नाही. हात जखडून ठेवला आणि वारा आडवा आला, तर सगळा जोर मनोऱ्यावर येतो.

घराचं दुर्दैव असं की खिंड क्रेनच्या एका बाजूला होती आणि घर नेमकं दुसऱ्या. वारा खिंडीतून आला की मोकळा हात गल्ली ओलांडून थेट त्यांच्या छपरावर यायचा आणि तिथे सावकाश डुलत राहायचा.

बुधवारी ऊन पडलं होतं. सासूबाई बटाटे सोलत होत्या. हाताची जाळीदार सावली ओट्यावरून सरकली, त्यांच्या मांडीवर आली, थबकली आणि परत गेली. त्यांनी सुरी खाली ठेवली.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा बटाटे अर्धेच सोललेले होते.

"आज ती माझ्या अंगावरून गेली," सासूबाई म्हणाल्या.

"सावली होती, आई."

"सावली ज्याची असते ते वरच असतं ना?"

मुलाने पुन्हा समजावलं. हात फिरतो तेच चांगलं, फिरला नाही तर धोका. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"जी वस्तू हलते ती पडते," त्या म्हणाल्या. "मला शिकवू नकोस. तुला चालायला मी शिकवलंय."

गुरुवारी सकाळी सून उठली तर सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या. अंगात कोट, पायात बूट, मांडीवर पर्स. पलंगावरची चादर मोडलेलीसुद्धा नव्हती. डोळे लाल झाले होते. "पळायची वेळ आली तर बूट शोधत बसायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहापलीकडे काही घेतलं नाही. संध्याकाळी घरमालकीण येऊन सांगून गेली की तुमच्या आजी जिन्यात चक्कर येऊन बसल्या होत्या.

शुक्रवारी वारा पडला. क्रेन दिवसभर चालली. सकाळी निघताना सुनेने नवऱ्याला दारातच थांबवलं.

"आज उतरताना तिला अडकवून ये."

"कुणाला?"

"तुझ्या त्या क्रेनला. ब्रेक लावून गल्लीच्या रेषेत उभी करून ठेव. शनिवार-रविवार काम बंदच आहे. आईंना दोन दिवस झोप तरी लागेल."

"तसं करत नाहीत."

"वारा पडलाय."

"पडलाय. मेलेला नाही."

"तूच म्हणालास ना, अंदाजात दोन्ही दिवस शांत दाखवलेत? अशाच जागत राहिल्या आणि सोमवारी पुन्हा जिन्यात पडल्या तर मी दुकानात असेन आणि तू वर. बघ बाबा. तुझी आई आहे."

हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम वापरलं. ते लागू पडणार हे तिला माहीत होतं.

संध्याकाळी क्रेनचा हात गल्लीला समांतर, नाकासमोर बघत उभा होता. सासूबाईंनी खिडकीतून बराच वेळ पाहिलं, मग पडदा ओढला आणि दोन वेळा वाढून घेतलं. जेवताना नवऱ्याने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. सुनेनेही विषय काढला नाही. भांडी घासताना तिला हायसं वाटत होतं आणि आपल्याला हायसं वाटतंय याचीच थोडी भीती वाटत होती.

शनिवारी अंदाज चुकला.

दुकान उघडलं तेव्हा झुळूक होती. चहाच्या वेळेपर्यंत दुकानाची पाटी करकरू लागली. एक छप्पर शाकारणारा माणूस तावदानाचं माप घेऊन आला, दार दोन्ही हातांनी लावून म्हणाला, "आज वर चढणाऱ्याला अक्कल नाही. मी तर शिडीच बांधून ठेवली." ती माप लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिची नजर काचेतून बाहेर गेली.

दुकानासमोरून गावातल्या दोन क्रेन दिसत. स्टेशनकडची पिवळी, आणि त्यांची. पिवळीचा हात खिंडीकडे पाठ करून दरीकडे वळलेला होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर थोडा डुलत होता. त्यांच्या क्रेनचा हात गल्लीच्या रेषेत होता. वाऱ्याला पूर्ण आडवा. तो हलत नव्हता. त्याखालचा मनोरा हलत होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग काउंटर सोडून आत जाऊन मालकाला म्हणाली, "मला घरी जावं लागेल." मालकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कारण विचारलं नाही.

वाटेत वारा समोरून होता. डोळ्यांत धूळ जात होती आणि तोंडाशी फुलांच्या पाकळ्या चिकटत होत्या. ती डोकं खाली घालून चालत होती आणि दर कोपऱ्यावर वर बघत होती. आडव्या वाऱ्याने क्रेन पडली तर कुठल्या बाजूला पडेल, हे समजायला तिला नवऱ्याची गरज नव्हती. वारा जाईल तिकडे. म्हणजे घरावर.

साइटच्या फाटकाशी मुकादम उभा होता. घरचे कपडे, पायात स्लीपर, हातात वॉकीटॉकी.

"वहिनी, आधी आईंना बाहेर काढा. बाकीच्या घरांत मी सांगून आलोय."

"हा कुठे आहे?"

मुकादमाने वर बोट दाखवलं. मनोऱ्याच्या जाळीत, निम्म्याच्या वर, एक निळा ठिपका होता.

"या वाऱ्यात चढू दिलं?"

"मी येईपर्यंत तो तिथे होता. मला फोन केला, अडकवलीय म्हणाला, आणि चढायला लागला. मी काय करू, पाय ओढू?"

ती घरात धावली. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. दोन रात्रींची झोप एकदम भरून निघाल्यासारख्या ताज्या दिसत होत्या, आणि ओटा पुसत होत्या.

"इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या. "बघ, बाहेर एवढा वारा आहे, पण ती बया कशी गुमान उभी आहे. लोकांनी दार वाजवलं, मी उघडलं नाही. तो मुकादम उगाच घाबरवतो."

"आई, कोट घाला. चला."

"या वाऱ्यात? कुठे?"

"कोपऱ्यावर. तुम्ही चला."

"आधी कारण सांग."

सांगायला नको असं तिने येतायेता ठरवलं होतं. पण खिडकीतून करकरण्याचा आवाज आला, लांब आणि खालचा, आणि तिने सांगितलं. ती क्रेन अशी जखडून उभी आहे म्हणूनच पडेल. तुमचा मुलगा ती सोडवायला वर गेलाय.

सासूबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं त्याला."

"पण माझ्यामुळे."

"आई, बूट."

गल्लीच्या कोपऱ्यावर, बेकरीच्या भिंतीच्या आडोशाला, शेजारपाजारचे लोक उभे होते. घरमालकीण मांजर कोटात घालून आली होती. निळा ठिपका केबिनशी पोहोचला आणि आत गेला. सगळ्यांना वाटलं, आता हात वळेल. तो वळला नाही.

"काय करतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

मुकादम वॉकीटॉकी कानाशी धरून आला. "झोत ओसरायची वाट बघतोय. भर झोतात सोडला तर हात गरकन फिरेल, ते आणखी वाईट. मध्ये एक फट मिळायला हवी."

"आणि नाही मिळाली तर?"

मुकादमाने सगळ्यांना भिंतीच्या आणखी आत सरकायला सांगितलं.

फट मिळत नव्हती. एक झोत संपतोय तोवर मागून दुसरा येई. दर वेळी मनोरा नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका झुके आणि परत येई. सुनेने तो झुकताना श्वास धरायला आणि परत येताना सोडायला सुरुवात केली होती, हे तिला छाती दुखू लागल्यावर कळलं. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. या बाईला गप्प बसलेलं तिने प्रथमच पाहिलं.

मग कोटातल्या मांजराचं ओरडणं ऐकू आलं, म्हणजे वारा क्षणभर थांबला होता.

हात हलला. आधी वाटलं, भास आहे. मग तो गल्लीवरून वळला, जड दार उघडावं तसा, आणि त्यांच्या छपरावर आला. पुढचा झोत आला तेव्हा तो थोडा पुढे गेला, मागे आला आणि डुलत राहिला. मनोरा सरळ उभा होता.

पाखरू खाली यायला फार वेळ लागला. फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याची बोटं शिडीची दांडी धरल्यासारखी वाकलेली होती आणि सरळ होत नव्हती. आईने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि चोळायला लागली.

"सोमवारी ऑफिसात जाऊन सांगावं लागेल," तो मुकादमाला म्हणाला.

"मी काही पाहिलेलं नाही," मुकादम म्हणाला.

"सगळ्या गावाने पाहिलंय."

बायकोवर तो रागावला होता असं नाही. रविवारी तिने "मीच म्हणाले होते" म्हणून सुरुवात केली, तर तो म्हणाला, "ब्रेकवर हात माझा होता." वारा दिवसभर चालू होता. हाताची सावली ओट्यावरून येत-जात होती आणि सासूबाई तिच्याकडे बघत भाजी निवडत होत्या. सावली बराच वेळ आली नाही की त्या उठून खिडकीशी जात.

सोमवारी त्याने ऑफिसात सांगितलं. त्याला क्रेनवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत खाली माल बांधायचं काम, आणि केबिनमध्ये दुसऱ्या साइटवरून आणलेला एक नवखा चालक. चौकशीतून काय निघेल हे मुकादमालाही सांगता येईना.

त्या दिवशी दुपारीच वारा पडला. पार पडला. संध्याकाळी काम सुटलं तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं आणि डोंगर जवळ आल्यासारखा स्वच्छ दिसत होता. नवा चालक उतरून सायकलवरून निघून गेला. क्रेनचा हात जिथे शेवटचं ओझं उतरवलं तिथेच, गल्लीच्या रेषेत, थांबला होता.

टेबलावर ताटं मांडली होती. सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"त्याने सोडलीय ना रे?"

"सोडली असेल."

"असेल म्हणजे? तुला दिसत नाही?"

"खालून नाही दिसत, आई."

"मग कळायचं कसं?"

"वारा आला की कळेल."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि बसल्या. थोड्या वेळाने सून हात पुसत येऊन त्यांच्या मागे उभी राहिली. मग तोही उठून आला. ताटं निवत होती. तिघं हाताकडे बघत होती, तो जरा तरी हलतो का याची वाट पाहत.