चाखणं म्हणजे खाणं नव्हे

जॅमच्या कारखान्यात आत्याचा शब्द शेवटचा, आणि तो तिच्या जिभेवरून यायचा. कारखाना कसला, तीन मोठ्या शेगड्या, एक मोरी आणि भिंतीला लागून बरण्यांच्या फळ्या. तिच्या भावाने सुरू केलेला; त्याच्या मागे त्याची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, चालवत होती. पण कढई कधी उतरवायची ते आत्या सांगायची. पळीच्या टोकावर जरासं घ्यायचं, फुंकर घालायची, जिभेवर ठेवायचं आणि म्हणायचं, "उतरव." नाहीतर, पाक पातळ वाटला की, "अजून रडतोय."

त्या मोसमात एका दुकानदाराने बरण्या परत पाठवल्या. गोडमिट्ट झालाय, गिळवत नाही म्हणाला. आत्याने आधी फळाला नावं ठेवली, मग दुकानदाराच्या सात पिढ्यांना. पण आतून तिला ठाऊक होतं. बरेच दिवस तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. जिभेवर पांढरा थर साचायचा, खरवडला की खाली लालभडक. गोडी नीट लागेना, म्हणून ती साखर वाढवत गेली होती. भाचीने हळूच विचारलं, थोडे दिवस पळी मी धरू का? ते आत्याला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी ती आपणहून दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून सांगितलं, बुरशी वाढली आहे. थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते. पण आत्याची कवळी रात्रीही तोंडातच, आणि तपासलं तर रक्तातली साखरही वाढलेली, त्यामुळे बुरशीचं आयतंच फावलं. साखरेच्या गोळ्या वेगळ्या दिल्या. तोंडासाठी औषध दिलं. ते दिवसातून चारदा घोळवायचं आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा घ्यायचं नाही. कवळी रात्री काढून, घासून, भिजत ठेवायची. गोड कमी करायचं. नुसत्या पथ्याने बुरशी जात नाही, पण पथ्य मोडलं तर औषधाचे हात बांधले जातात, असं बाई म्हणाल्या.

आत्या हट्टाची. चहा बिनसाखरेचा झाला. बिस्किटांचा डबा तिने शेजारणीला देऊन टाकला. रात्री कवळी काढली की बोळकं तोंड दिसू नये म्हणून घरात कुणाशी बोलायची नाही. तरी पुढच्या तपासणीला थर जिथल्या तिथे.

बाईंनी विचारलं, काय काय खाता? आत्याने सगळं सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेजारी बसलेली भाची म्हणाली, "आणि कढईतलं गं?"

"ते काय खाणं आहे? ते चाखणं."

"किती वेळा?"

"कढई मागेल तितक्या वेळा. तुझ्या बापानेही कधी ते जेवणात धरलं नाही."

हे मात्र खरं होतं. त्या कारखान्यात चाखलेलं कुणी कधी खाण्यात धरत नसे. शिवाय सकाळचं औषध आत्या तिथेच घ्यायची, आणि लगेच पळी तोंडात.

बाईंनी हसू दाबलं. "आत्या, बुरशीला कुठे कळतं, खाल्लं की चाखलं ते?"

घरी येताना आत्याने पळी भाचीच्या हवाली केली. बरी होईपर्यंत, असं तीनदा बजावून.

मग ती शेगडीपासून हात-दोन हात दूर स्टुलावर बसू लागली. भाची चाखायची आणि म्हणायची, छान झालाय. आत्या खवळायची. छान म्हणजे काय? आंबटपणा आधी लागतो की मागून येतो? भाचीला पुन्हा चाखावं लागायचं. हळूहळू ती आत्याने विचारण्याआधीच सांगू लागली.

थर गेला. बाईंनी तोंड तपासून औषध थांबवलं. कवळीचा नियम आणि साखरेच्या गोळ्या मात्र कायम राहिल्या. दुसऱ्या दिवशी भाचीने पळी पुढे केली, पण स्वतः चाखून काय वाटलं ते सांगितलं नाही. आत्याने फुंकर घातली, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"लिंबू कमी पडलंय."

भाचीने पाठीमागे धरलेला हात पुढे केला. अर्धं लिंबू कापून तयार होतं.

आत्या मोरीवर गेली, तोंड खळखळून धुतलं आणि पदराने पुसत म्हणाली, "पुढची कढई तू चाख. माझं आजचं खाऊन झालं."