तारामाशाचे दोन तुकडे

मिस्त्रींनी आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल त्यांचं एकच ठाम मत होतं: मोडलं ते मोडलं. हे मत त्यांनी बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुढेपुढे त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच ते म्हणून टाकायची.

बायकोचा धंदा वेगळा. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ पट्ट्यात तिचे कालवांचे वाफे होते. नखाएवढ्या शिंपल्यांतली पिल्लं आणून पसरायची आणि ती तळहाताएवढी होईपर्यंत तीन वर्षं राखण करायची. मिस्त्रींच्या लेखी हे निव्वळ बसून राहायचं काम. तसं ते बोलूनही दाखवत. मनात ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही.

शेवटची पिल्लं तिनं आपल्या हातांनी पसरली, आणि थोड्याच दिवसांत जे अंथरूण धरलं ते पुन्हा सोडलं नाही. ती गेल्यावर मिस्त्रींनी आपल्या कारखान्यातले पाने-हातोडे खुंटीला टांगले, नवे गमबूट आणले आणि वाफ्यांत उतरले. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, आईची कालवं मी आल्याशिवाय काढू नका हं. पहिली पाटी आपण दोघं मिळून भरू."

"अगं, मी आहे ना! एकाही कालवाला धक्का लागू देणार नाही."

आणि या शब्दासाठी त्यांनी खरंच जिवाचं रान केलं. तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं.

कालवांचा खरा वैरी तारामासा. दिसायला गरीब, पण एकदा का शिंपल्यावर बसला की पाच हातांनी तो हळूहळू उघडतो आणि आतलं सगळं फस्त करतो. बायको दर ओहोटीला तारामासे बादलीत गोळा करायची, ती जड बादली चढावरून वर आणायची आणि मासे घरामागच्या कट्ट्यावर उन्हात वाळत टाकायची. मिस्त्रींना त्या वासाचा आणि त्याहून जास्त त्या उपद्व्यापाचा वैताग यायचा. शत्रूला घरी कशाला आणायचं? जिथल्या तिथे निकाल लावावा! आता सत्ता त्यांच्या हाती आल्यावर त्यांनी तसंच केलं. कोयता घ्यायचा, मासा खडकावर ठेवायचा, मधोमध एक घाव, आणि दोन्ही तुकडे पाण्यात. ना बादली, ना चढ, ना वास. आपण ही सुधारणा केली याचं त्यांना मनातून फार कौतुक होतं, आणि ते बघायला ती नाही याचं वाईटही वाटायचं.

वर्ष उलटलं तसे तारामासे वाढले. मिस्त्रींनी कोयत्याला धार लावली. मासे आणखी वाढले. मग त्यांनी आठवड्यातला एकही दिवस चुकवला नाही. पाठ धरली, गुडघे बोलायला लागले, तरी गडी हटेना. एकेका घावाला ते पुटपुटत, "माझ्या बायकोची कालवं खातोस काय?"

एका सकाळी शेजारच्या वाफ्यांची मालकीण चिखल तुडवत आली. ती त्यांच्या बायकोची जुनी मैत्रीण. "भावजी, माझ्याकडेही तारामाशांचा सुळसुळाट झालाय. तुम्ही करता तरी काय त्यांचं?"

विचारायचाच अवकाश, मिस्त्रींनी एक मासा उचलला आणि सपकन दोन करून पाण्यात भिरकावला. "हे करतो, वहिनी. बघा, आहे का काही कटकट?"

ती तिथल्या तिथे खडकावर बसली. मग पाण्यात हात घालून तिनं एक मासा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्याचे दोन हात चांगले जाडजूड होते आणि तीन तांदळाएवढे, पांढरे, कोवळे. मध्ये सरळ घावाची खूण होती. तो घाव कोणाच्या हातचा, हे मिस्त्रींना सांगावं लागलं नाही.

"दोन केले की दोन होतात, भावजी. अर्ध्याला पुन्हा हात फुटतात. म्हणून तर ती वाळवायला वर न्यायची. ताईनं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाही," मिस्त्री चटकन म्हणाले. "कधीच नाही बोलली."

आणि बोलता बोलताच त्यांना ती दिसली. कारखान्याच्या दारात, बादली खाली ठेवून, ओल्या हातांनी एक मासा धरून काहीतरी समजावून सांगत असलेली. ते इंजिनाला कान लावून हं, हं म्हणत होते. तिचे ओठ हलताना त्यांना स्पष्ट आठवत होते. शब्द एकही आठवत नव्हता.

दोघांनी मिळून वाफे चाचपले. शिंपले जागच्या जागी होते, जोडीनं, स्वच्छ, आणि आत काही नव्हतं. वरून बघणाऱ्याला भरलेला वाफा वाटावा. मिस्त्री एकेक उचलत, उघडत आणि तसाच परत ठेवत राहिले. एका कपारीत ओंजळभर कालवं तेवढी घट्ट मिटलेली सापडली.

"ही जगतील," शेजारीण म्हणाली. "उद्यापासून मी येते मदतीला."

"नको." मिस्त्री म्हणाले. "ही तुम्ही तुमच्याकडे न्या, वहिनी. माझ्या हातात नकोत. आणि तिनं सांगितलं होतं हो. मीच ऐकलं नाही. गेलेल्या माणसावर खोटा आळ घेतला मी."

शेजारणीनं पदराला हात पुसले आणि ती कालवं एकेक करून उचलली. 

त्या दिवशी मुलीला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता. मग ती म्हणाली, "मी येते, बाबा."

ती आली तेव्हा ओहोटी लागली होती. शेजारणीनं आपल्या वाफ्याच्या कोपऱ्यात, वेगळ्या जाळीखाली ती ओंजळ जपून ठेवली होती. मुलगी चपला काढून पाण्यात उतरली, वाकली आणि एक कालव हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मग तिनं मागे वळून पाहिलं. मिस्त्री काठावरच थांबले होते.

"बाबा, या ना आत."

"नको गं," ते म्हणाले. "तू बघ. मी इथूनच बघतो."